…यांजकडून सप्रेम भेट

गेल्या गॅदरिंगला 'रेट्रो' थीम होती, आठवतंय ना? ऑडिटोरियमच्या दाराशी सेल्फी पॉइंट केला होता. पितळेचे दोन हंडे, एक घंगाळ, भिंतीवर सूप, मागे दिव्यांच्या माळा. फोटो तर तुम्ही सगळ्यांनीच काढले! डेकोरेशन कमिटीत मी होते, त्यामुळे भाड्यानं आणलेलं ते सामान टेम्पोतून उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. एक हंडा उचलताना गळ्याखाली बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं, तर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. बाकीची ओळ एमरी आणि बफिंगच्या चाकाखाली सपाट झालेली. शेवटचा एकच शब्द कसाबसा वाचता येत होता, 'कडून'.

कोणाकडून? कोणाला? कुठल्या लग्नात? हंडा मात्र असा चकाचक की आपला चेहरा दिसावा. डेकोरेटरचा माणूस म्हणाला, "मॅडम, नावं असली की गिऱ्हाइकाला जुनाट वाटतं, म्हणून आम्ही साफ करून घेतो." म्हणजे वस्तू जुनी हवी, पण कुणाची तरी असलेली नको! मी हसले आणि कामाला लागले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण सांगायचं तर गावाकडची गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यात माझाच एक गुन्हा आहे.

माझं गाव अष्टमी. रोहा बहुतेकांना माहीत असतं, कारण दिवा-रोहा गाडी तिथे संपते, कोकण रेल्वे तिथून पुढे सुरू होते, आणि केमिकलची मुलं धाटावच्या एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला जातात. अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या दुसऱ्या काठावरचं. नगरपरिषदेच्या नावात रोहा आणि अष्टमी जोडीनं आहेत, पण पत्ता सांगायची वेळ आली की आम्हीसुद्धा 'रोहा' म्हणून मोकळे होतो.

थीम ठरल्यावर कमिटीतल्या सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं होतं. कोकणातलं जुनं घर, म्हणजे माळ्यावर काहीतरी घबाड असणारच! म्हणून मी शनिवार-रविवार गाठून घरी गेले. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे, ती खाली काढली. झुरळांची अंडी आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सोडून आत काय निघालं? बाशिंगाची एक जोडी, तिचा कागद पार विरलेला. मण्यांचं तोरण. आत्यानं रुखवतासाठी भरलेले 'स्वीट ड्रीम्स'वाले दोन उशांचे अभ्रे. घोटीव कागदाच्या, घडी घालून ठेवलेल्या झिरमिळ्या. भातुकलीतली पितळी चूल आणि बिनदांड्याचं जातं. मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची आगबोट. एक व्हिडिओ कॅसेट. आणि तळाशी गुलाबी-पिवळे पातळ कागद, आजीच्या लग्नातल्या छापील मंगलाष्टकांचे. तेव्हा लग्नासाठी खास मंगलाष्टकं रचून घ्यायचे, त्यात वधूवरांची आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावं गुंफायचे आणि छापून मांडवात वाटायचे. (आता आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवतो आणि फोन भरला की पहिल्यांदा तीच डिलीट करतो.)

मंगलाष्टकांचा कागद मी आजीला वाचून दाखवायला घेतला. घडीवर नेमकं तिचं नाव असलेली ओळ वाळवीनं खाल्लेली. मी म्हटलं, "आजी, इथे तुझं नाव असणार, गेलं बघ." ती म्हणाली, "ते माझं नाव नव्हेच. ते इकडचं. माझं नाव हंड्यावर होतं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पुष्कळदा नावही बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, संपलं! आजीचं लग्न 1967 सालचं. तेव्हापासून रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे तांदळातलं नाव. माहेरचं नाव माहेरीच राहिलं. तिचं माहेर नागोठण्याचं. 1989 च्या जुलैमध्ये अंबा नदीला जो महापूर आला, ज्यानं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, तो नागोठण्यातही शिरला. तिच्या माहेरच्या घरातले फोटो, शाळेचा दाखला, वह्या, सगळं त्या पाण्यात गेलं. उरली होती ती तिच्याबरोबर आधीच अष्टमीला आलेली लग्नातली भांडी. त्यांवर दुकानातल्या माणसानं पंच आणि हातोडीनं एकेक ठिपका मारून लिहिलं होतं, चि. सौ. कां. अमुक हीस, आईकडून. दि. 21-5-67.

'होतं' हा शब्द मी का वापरतेय? कारण तो हंडा मीच विकला.

बारावीनंतरच्या सुट्टीत घरातली मोरी मोडून बाथरूम केलं. बाबा म्हणाले, ही धुडं आता ठेवायची कुठे? आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला आत्याकडे गेली होती. मी आणि काकानं दोन हंडे, एक घंगाळ आणि एक फुटकी परात टेम्पोत टाकून मोडीत घातली. वजन भरलं चौदा किलो. काटा बरोबर होता, भाव बरोबर होता, कुणी फसवलं नाही. पैशांतले थोडे मला बक्षीस मिळाले, त्याचे मी इअरफोन घेतले. ते सेकंड सेमला बिघडले.

आता मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगते. पंचनं ठिपका मारताना धातू निघत नाही, फक्त दबतो. म्हणजे नाव घातलेला हंडा आणि बिननावाचा हंडा काट्यावर अगदी सारखे. मोडवाल्याचा यात काही दोष नाही, त्याचा काटा नाव मोजूच शकत नाही. वाचायला हवं होतं ते आम्ही. चौदा किलो पितळ टेम्पोत चढवताना मी त्यांवरची एक ओळही वाचली नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर टायटल ब्लॉक राहिला तर आपले सर शीट फेकून देतात, आणि इथे मी टायटल ब्लॉकसकट आख्खी शीटच फेकली होती.

आजी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पितळ काय, जड होतंच." मग तिनं मला तिचं ते नाव सांगितलं. एकोणीस वर्षं मी तिच्या मांडीवर खेळले, भांडले, तिच्या हातचे सांदण खाल्ले, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. ते इथे छापू नकोस, असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही.

आता मुद्द्यावर येते. सध्या 'विंटेज'चं वेड जोरात आहे. कॅफेच्या भिंतीवर जुने कंदील, लग्नाच्या स्टेजवर बंब आणि घंगाळं, रीलमध्ये पत्र्याची खेळणी. जुन्या वस्तू जमवणं वाईट, असं मी म्हणत नाही. पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यातल्या कितीजणांनी पाहिलंय? नसेल तर पुढच्या वेळी पुण्याला कॉम्पिटिशनला गेलात की एक दुपार काढा. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं लिहिणारे कवी. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. आणि वस्तू तरी कुठल्या? राजांचे मुकुट-सिंहासन शोधत बसले नाहीत. अडकित्ते, दिवे, दौती, बाहुल्या, दरवाजे, भांडी, असलं रोजच्या संसारातलं. असे वीस हजारांवर नमुने त्यांनी गोळा केले आणि 1975 साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे त्यांचा लहानपणीच वारलेला मुलगा. वीस हजार वस्तूंच्या दारावर बापानं मुलाचं नाव घातलंय. आपण आजीच्या नावाचा हंडा बफिंगला देतो.

हे सगळं मी रूमवर तावातावानं बोलत होते तेव्हा माझ्या रूममेटनं मला मध्येच थांबवलं. ती कुर्ल्याच्या चाळीतली. म्हणाली, "तुझ्याकडे माळा आहे म्हणून तुला सुचतंय. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. आणि आमच्या आजीची भांडी दुष्काळात गहाण पडली, ती सुटलीच नाहीत. आम्ही काय जमवायचं?" मला उत्तर सुचलं नाही. शेजारच्या रूममधली आणखी एक म्हणाली, रुखवताचं एवढं कौतुक कशाला, त्या मांडलेल्या भांड्यांमागे कुणाच्या बापाचं किती कर्ज होतं ते कुठे कोरलंय? हेही खरंच. भेट आणि हुंडा यांच्यातली रेघ आपल्याकडे कायमच पुसट राहिली आहे. ती स्पष्ट व्हावी म्हणून हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली 1985 साली नियम झाले. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली वधू-वरांच्या सह्या. तुमच्यापैकी कुणाच्या ताई-दादाच्या लग्नात अशी यादी केलेली पाहिलीत? मी तरी नाही. म्हणजे कायद्यानं मागितलेली यादी कुणी करत नाही, आणि भांड्यांवर आपोआप झालेली यादी आपण घासून टाकतो.

रूममेटच्या बोलण्यावर मी आठवडाभर विचार केला. माझं मत थोडं बदललं. सगळं ठेवायलाच हवं, हा आग्रह मी सोडला आहे. वन बीएचकेत हंडा ठेवून माणसानं झोपायचं कुठे? विका, खुशाल विका. पण विकण्याआधी वाचा आणि उतरवून घ्या. त्याला जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि ज्यांच्याकडे वस्तू उरलीच नाही त्यांच्या आजीकडे ती वस्तू कुठली होती, कुणी दिली होती आणि कुठल्या सावकाराकडे गेली, हे अजून तोंडी आहे. तेही लिहून घेण्यासारखंच आहे. रूममेटनं दिवाळीत तिच्या आजीला विचारलं. आजीनं सात भांडी वजनासकट सांगितली म्हणे!

आता खेळण्यांचं. खेळण्यांवर नाव नसतं, पण आमच्या आगबोटीच्या बुडावर बाबांनी कंपासच्या टोकानं स्वतःचं आद्याक्षर खरवडलं होतं. ती बोट मी हॉस्टेलला घेऊन आले. ज्यांनी जत्रेत पाहिली असेल त्यांना माहीत आहे, पण हल्लीच्या ज्युनिअर्ससाठी सांगते. आत पत्र्याचा चपटा बॉयलर, त्यातून मागे निघालेल्या दोन नळ्या. नळ्यांतून पाणी भरायचं, खाली मेणबत्ती लावायची. पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. वाफ थंड होऊन आकसली की पाणी परत आत येतं. की परत वाफ. बॉयलरचा पातळ पत्रा वर-खाली होतो, त्याचा तो टकटक आवाज.

आता व्हायवात विचारण्यासारखा प्रश्न. जेवढं पाणी बाहेर जातं तेवढंच आत येतं, मग बोट पुढे का जाते? जागच्या जागी का हलत नाही? आमच्या मजल्यावर यावर पाऊण तास वाद झाला. उत्तर असं की पाणी बाहेर जाताना धारेसारखं सरळ मागे जातं, पण आत येताना चहूबाजूंनी येतं. त्यामुळे एका फेरीची गोळाबेरीज पुढच्या दिशेनं उरते. याचं पेटंट इंग्लंडमध्ये थॉमस पिओ नावाच्या माणसानं 1891 साली घेतलं होतं. व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, गिअर नाही, आणि इंजिन चालतं! कपडे धुवायच्या टबात बोट सोडली तेव्हा थर्ड इयरच्या मुलीसुद्धा सबमिशन टाकून बघायला आल्या. तिसऱ्या फेरीला रेक्टर मॅडम आल्या. आम्ही गप्प. मॅडमनी मेणबत्ती जप्त केली, बोट हातात घेऊन उलटी केली, बुडावरचं अक्षर वाचलं आणि विचारलं, "कुणाची गं ही?" मी म्हटलं, बाबांची. "जपून ठेव," म्हणाल्या, आणि मेणबत्ती घेऊन गेल्या.

घोटीव कागदाच्या झिरमिळ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या मी गॅदरिंगला स्टेजमागे लावल्या, कुणाच्या लक्षातही आल्या नाहीत. पण एवढं नोंदवते की या झिरमिळ्या घडी घालून ट्रंकेत राहिल्या आणि कितीतरी गणपतींना पुन्हा पुन्हा लागल्या. नंतर थर्माकोलची मखरं आली, ती दरवर्षी मोडून फेकायची. मार्च 2018 मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि लोक पुन्हा कागद-पुठ्ठ्याकडे वळले. ट्रंक आमची तयारच होती.

कॅसेटची गोष्ट मात्र गंभीर आहे. ती आत्याच्या लग्नाची, 1994 ची. लावायला व्हीसीआर नाही. नवा मिळणार नाही, कारण जपानच्या फुनाई कंपनीनं, म्हणजे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आमच्या कोकणातल्या दमटपणात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर टेप फाटते आणि मशीनचं हेडही खराब होतं. पितळ शंभर वर्षं थांबेल, कॅसेट थांबणार नाही. म्हणून ई अँड टीसीच्या स्टाफला जाहीर विनंती, डिपार्टमेंटच्या स्टोअरमध्ये एखादा चालू व्हीसीआर पडून असेल तर कृपया स्क्रॅपच्या यादीत घालू नका. एक कॅप्चर कार्ड आणि दोन शनिवार मिळाले तर हॉस्टेलमधल्या निदान दहा घरांची लग्नं वाचतील. मी हात धुऊन मागे लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आणि तुम्ही सर्वांनी मे महिन्यात घरी गेलात की एवढं करा. भांडं तारेच्या घासणीनं घासू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च एका बाजूनं अगदी आडवा धरा, म्हणजे ठिपक्यांच्या सावल्या पडून अक्षरं उठून दिसतात. फोटो काढा. फोटोत नीट येत नसेल तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचं करायचो तसं. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कोण. आमच्याकडे एका गडव्यावर 'मास्तरांकडून' एवढंच आहे. आजीला माहीत होतं कुठले मास्तर. ती नसती तर ते कायमचे 'मास्तर'च राहिले असते.

आमच्याकडे आता सहा भांडी उरली आहेत. आईकडून आलेलं त्यांत काही नाही.

परवा चुलत ताईच्या लग्नासाठी भेट घ्यायला मी रोह्यात भांड्यांच्या दुकानात गेले. पितळेचा तांब्या-भांडं घेतलं आणि म्हटलं, नाव घालून द्या. काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "हल्ली कोण नाव घालतं? नाव घातलं की पुढे दुसऱ्याला देता येत नाही. लोक उलट सांगतात, नाव नको." मी म्हटलं, मला हवंय. त्यांनी खालच्या खणातून ते झर्रर्र करणारं मशीन काढलं, धूळ झटकली, दोनदा प्लग बदलून चालू केलं. मग चष्मा लावून विचारलं, "बोल. माहेरचं घालू की सासरचं?"

मी ताईला फोन लावला. ती पार्लरमध्ये होती.

"हा काय प्रश्न झाला?" ती म्हणाली. "मी नाव बदलणारच नाहीये. आहे तेच घाल. आणि खाली तुझंही घाल, पूर्ण."